साओ पाउलोची खुर्ची आणि निवडणूक खर्चाची वही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवर लाखो अनुयायी जमवलेली धनाढ्य मंडळी राजकारणात उतरू लागल्याबद्दल आपल्या दैनिकात अलीकडे जी चर्चा झाली, तिचा सूर बहुतांशी थट्टेचा होता. थट्टेला आधारही होता. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वर्सोवा मतदारसंघातून उभे राहिलेले अभिनेते एजाज खान यांचे इन्स्टाग्रामवर ५० लाखांहून अधिक अनुयायी होते आणि त्यांना मते पडली १५५. ‘नोटा’ला त्यांच्या कित्येक पटींनी अधिक मते मिळाली. या एका आकड्यावरून, अनुयायी म्हणजे मतदार नव्हेत असा निष्कर्ष काढून आपण सारे निर्धास्त झालो आहोत. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या २०२४ च्या महापौर निवडणुकीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तिची बातमी आपल्याकडे पोहोचली ती थेट प्रक्षेपणात एका उमेदवाराने दुसऱ्यावर खुर्ची उगारली म्हणून. त्या दृश्यावर हसून झाले की मागे जो प्रश्न उरतो तो पैशाच्या हिशेबाचा आहे, आणि तो आपल्याही दाराशी आलेला आहे.

ज्यांच्यावर खुर्ची उगारली गेली ते पाब्लो मार्साल १९८७ साली गोयानिया शहरात जन्मले. आयुष्यात यशस्वी आणि श्रीमंत कसे व्हावे हे शिकवणारे ऑनलाइन वर्ग, पुस्तके आणि भाषणे हा त्यांचा मुख्य लौकिक. निवडणूक न्यायालयापुढे त्यांनी जाहीर केलेली मालमत्ता सुमारे १७ कोटी रेआल, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीचशे कोटी रुपयांच्या आसपास होती आणि इन्स्टाग्रामवर त्यांचे सव्वा कोटीहून अधिक अनुयायी होते. जानेवारी २०२२ मध्ये खराब हवामानात त्यांनी मांचिकेरा पर्वतरांगेतील एका शिखराकडे शिष्यांचा जथा नेला आणि अग्निशमन दलाला ३२ जणांची सुटका करावी लागली. तरुणपणीच्या बँक फसवणुकीच्या एका प्रकरणात २०१० मध्ये त्यांना शिक्षा सुनावली गेली होती. कायदेशीर मुदत उलटून गेल्याने ती त्यांना भोगावी लागली नाही, आणि आपण फक्त संगणक दुरुस्तीचे काम करत होतो असे त्यांचे म्हणणे आहे. हे सारे मतदारांना ठाऊक होते, कारण प्रतिस्पर्ध्यांनी ते रोज सांगितले. त्याने त्यांचे फारसे बिघडले नाही. तेव्हा उमेदवाराचा पूर्वेतिहास उघड केला की लोक आपोआप पाठ फिरवतात, हीही आपली एक सोयीची समजूतच म्हणावी लागेल.

त्यांच्या उमेदवारीची गोम समजून घ्यायची तर ब्राझीलच्या प्रचाराची रीत थोडी माहीत हवी. तिथे दूरचित्रवाणी आणि रेडिओवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही. पक्षांना फुकट वेळ मिळतो आणि तो मुख्यतः संसदेतील बळानुसार वाटला जातो. विद्यमान महापौर रिकार्डो नुनेस यांच्या आघाडीला त्यातला निम्म्याहून अधिक वेळ मिळाला होता. मार्साल यांच्या पीआरटीबी या छोट्या पक्षाचा संसदेत एकही सदस्य नसल्याने त्यांच्या वाट्याला एक सेकंदही आला नाही. वाहिन्यांवरील वादसभांना त्यांना बोलावण्याचे कायदेशीर बंधनही नव्हते. तरीही वाहिन्यांनी त्यांना बोलावले, कारण ते आले की प्रेक्षक येतात. प्रस्थापित पक्षांनी आपापसांत वाटून घेतलेल्या या व्यवस्थेबाहेरच्या माणसाने इंटरनेटचा आधार घेतला, यात मला काहीही वावगे दिसत नाही. उलट, नव्या माणसाला दार बंद करणाऱ्या नियमांचा फेरविचार व्हावा असेच मी म्हणेन.

वावगे पुढे आहे. मार्साल यांच्या व्हिडिओंतून छोटे, चटकदार तुकडे कापून ते आपापल्या खात्यांवरून पसरवणाऱ्या हजारो तरुणांचे जाळे निवडणुकीच्या आधीपासूनच उभे होते. डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या मंचावरच्या गटातून त्यांच्यात स्पर्धा लावली जाई आणि ज्याच्या तुकड्याला सर्वाधिक प्रेक्षक मिळतील त्याला रोख बक्षीस मिळे. वर्ग विकण्यासाठी बनवलेले हे यंत्र निवडणुकीत जसेच्या तसे जुंपले गेले, असा प्रतिस्पर्धी पक्षाचा आणि निवडणूक विषयक सरकारी वकिलांचा आक्षेप होता. एकदा हे ध्यानात आले की वादसभांतील त्यांच्या वागण्याचा उलगडा होतो. प्रतिस्पर्ध्यांना शाळकरी टोपणनावे ठेवणे, डाव्या पक्षाचे उमेदवार गिलेर्मी बोलोस यांच्या तोंडासमोर कामगारांचे ओळखपुस्तक नाचवणे, पुराव्याशिवाय त्यांच्यावर कोकेन घेत असल्याचा आरोप करणे, या साऱ्याला समोर बसलेल्या सूत्रसंचालकाच्या किंवा दोन तास चर्चा ऐकणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. पण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासाठी तो कच्चा माल होता. वादसभा वाहिनीच्या खर्चाने व्हायची, तुकडे कापणारे मात्र मार्सालसाठी काम करायचे.

आता पैशाचे पाहू. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपन्यांकडून निवडणूक देणग्या घेण्यास मनाई केली. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती घालावे यालाही मर्यादा आहे; त्या पदासाठी ठरलेल्या खर्चमर्यादेच्या १० टक्क्यांपलीकडे त्याला जाता येत नाही. श्रीमंत माणसाने निवडणूक विकत घेऊ नये, हाच या नियमांचा हेतू. आपल्याकडे असे काहीच नाही. आपला उमेदवार खर्चमर्यादेच्या आत राहून सगळाच्या सगळा पैसा स्वतःचा घालू शकतो. म्हणजे ब्राझीलचा कायदा आपल्याहून कडक, आणि तरीही तुकडे कापणाऱ्यांना मिळणारी बक्षिसे कोणत्या खात्यातून गेली, ती प्रचाराच्या हिशेबात का नाहीत, हा प्रश्न प्रचार ऐन रंगात आल्यावर न्यायालयात न्यावा लागला.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी निवडणूक न्यायाधीशांनी अंतरिम आदेश देऊन मार्साल यांची मुख्य खाती निवडणूक होईपर्यंत बंद केली. या आदेशाबद्दल माझे मत अनेकांना रुचणार नाही, पण तो उपाय चुकला असे मला वाटते. मार्साल यांनी लगेच दुसरे खाते उघडले, आपला आवाज दाबला जात असल्याची हाक दिली आणि बघता बघता तिथेही लाखो अनुयायी गोळा झाले. हुतात्म्याचा टिळा त्यांना फुकट मिळाला. शिवाय उमेदवाराचे तोंड बंद करण्याचा अधिकार एकदा न्यायालयाच्या हाती दिला की उद्या तो कोणाविरुद्ध वापरला जाईल याचा नेम नाही. बक्षिसे देणाऱ्या खात्यांचा हिशेब आठवड्याभरात जाहीर करा, तो झाला नाही तर दररोज दंड भरा, असा आदेश निघाला असता तर हुतात्मा होण्याची सोय राहिली नसती.

खुर्चीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १५ सप्टेंबरला टीव्ही कुल्तुरा वाहिनीवरील वादसभेत मार्साल यांनी डिवचल्यावर दूरचित्रवाणीवरील नामवंत निवेदक आणि उमेदवार जोझे लुईज दातेना यांनी त्यांच्यावर खुर्ची हाणली. मार्साल रुग्णालयात गेले, आणि पुढे ब्राझीलचे अध्यक्ष झालेले बोल्सोनारो यांच्यावरील २०१८ मधील चाकूहल्ला व डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील गोळीबार यांच्या रांगेत त्यांनी स्वतःवरील हल्ला नेऊन बसवला. दोन दिवसांनी झालेल्या पुढच्या वादसभेत खुर्च्या जमिनीला पक्क्या केल्या होत्या. व्यवस्था दिसणाऱ्या धोक्यावर किती तत्परतेने तोडगा काढते, याचा हा मासला. दातेना यांना अखेर दोन टक्केही मते मिळाली नाहीत.

खरा गंभीर प्रकार मतदानाच्या तोंडावर घडला. मतदान रविवारी, ६ ऑक्टोबरला होते. शुक्रवारी रात्री मार्साल यांनी बोलोस यांच्या नावाचा एक वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध केला. कोकेनमुळे मानसिक तोल गेल्याने त्यांच्यावर उपचार झाल्याचे त्यात लिहिले होते. ज्या डॉक्टरची सही त्यावर होती त्यांचे २०२२ मध्येच निधन झाले होते. सही खोटी असल्याचे पोलिसांच्या तज्ज्ञांनी लगेच सांगितले, न्यायालयाने तो प्रसिद्ध करणारे खातेही बंद केले, पण तोवर तो कागद शहरभर फिरला होता. त्याचा किती मतांवर परिणाम झाला हे मोजता येणार नाही. निकाल मात्र मोजलेला आहे: नुनेस २९.४८ टक्के, बोलोस २९.०७ टक्के आणि मार्साल २८.१४ टक्के. १७ लाखांहून अधिक नागरिकांनी मार्साल यांना मत दिले आणि पहिल्या दोघांत होणाऱ्या दुसऱ्या फेरीत जाण्याची त्यांची संधी सुमारे ५७ हजार मतांनी हुकली. ज्यांच्याकडे प्रचाराचा एकही अधिकृत सेकंद नव्हता, त्यांची ही मजल. वर्सोव्याच्या १५५ मतांवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा शेजारी लिहून ठेवावा.

त्या १७ लाखांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. काही ब्राझिली विश्लेषकांनी तसे केलेही. एक किलोमीटर उंचीची इमारत बांधू, डोंगरउतारावरील वस्त्यांना रज्जुमार्ग देऊ, अशी मार्साल यांची आश्वासने होती, आणि ती ऐकून हसू येते हे खरे. पण कायम नोकरीची आशा सोडलेला, मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवणारा किंवा छोटे दुकान चालवणारा माणूस रोज रात्री फोनवर जे पाहतो, त्यात त्याला ‘तूही वर येऊ शकतोस’ असे सांगणारा दुसरा कोणी नेता दिसत नव्हता. डाव्यांनी त्याला कामगार म्हणून हाक मारली, उजव्यांनी श्रद्धाळू म्हणून. उद्योजक म्हणून त्याला हाक मारणारे मार्सालच भेटले. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या फेऱ्यात वर्षे घालवलेल्या तरुणांनी भरलेल्या गावांत ही हाक ऐकू येणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर तासभर बसून मुलांच्या फोनवर काय चालू असते ते पाहावे.

यानंतर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी जुन्या पद्धतीच्या श्रीमंत उमेदवारांना लागू नव्हती. साखर कारखानदार किंवा बांधकाम व्यावसायिक निवडणूक हरला की त्याचा पैसा बुडतो. समाजमाध्यमांवरील तारा हरला तरी प्रचारात मिळालेले प्रेक्षक त्याच्याकडेच राहतात आणि त्यांना तो पुढे काहीही विकू शकतो. त्याच्यापुरता प्रचार हाच व्यवसायाची जाहिरात आणि व्यवसाय हाच प्रचार. दोन्हींचा खर्च एकाच खात्यात मिसळलेला असताना त्यातला निवडणुकीचा वाटा कोणता, हे खर्च निरीक्षकाने कसे ठरवायचे? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी मार्साल यांना ८ वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले ते नगरसेवकपदाच्या उमेदवारांकडून ५,००० रेआलच्या देणगीच्या बदल्यात पाठिंब्याचा व्हिडिओ देऊ केल्याच्या प्रकरणात. तुकड्यांच्या बक्षिसांवरचा निकाल त्यानंतर एप्रिलमध्ये आला. दोन्हींवर अपिले झाली. म्हणजे तिथल्या स्वतंत्र निवडणूक न्यायालयांनाही प्रचारातील पैशाचा पहिला निवाडा द्यायला मतदानानंतर साडेचार महिने लागले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये समाजमाध्यमांविषयी सूचना काढल्या. उमेदवाराने आपली खाती प्रतिज्ञापत्रात जाहीर करायची, जाहिरातींना पूर्वप्रमाणपत्र घ्यायचे, मजकूर बनवणाऱ्यांचे मानधन आणि खाती सांभाळणाऱ्यांचे पगारही खर्चात दाखवायचे, असे त्यात सांगितले आहे. त्या काळाच्या मानाने हे दूरदृष्टीचे होते. पण या सूचनांची नजर उमेदवाराने स्वतः जाहीर केलेल्या खात्यांवर आहे. उमेदवाराचे नावही न लावता चालणारी ‘अमुकतमुक फॅन क्लब’ छापाची शेकडो पाने तीत येत नाहीत. फेसबुकसारख्या मंचाला पैसे देऊन केलेली राजकीय जाहिरात त्या मंचाच्या जाहीर संग्रहात तरी सापडते. कोणा मुलाला परस्पर यूपीआयने पैसे पाठवून करून घेतलेले रील कुठल्याच संग्रहात सापडत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार गुन्हा आहे खरा, पण त्याला शिक्षा १० हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची. विधानसभेला आपल्यासारख्या राज्यात ४० लाखांची आणि लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा असताना हा दंड कोणाला जरब बसवणार?

विसंगती पाहायची तर ग्राहक कायद्याकडे पाहावे. समाजमाध्यमांवरील प्रभावकाने (इन्फ्लुएन्सरने) पैसे किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या साबणाची, मलमाची शिफारस केली तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगितलेच पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी कायद्यात १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्याच प्रभावकाने पैसे घेऊन आमदारकीच्या उमेदवाराची शिफारस केली तर त्याला ही अट नाही. ज्या देशात मलम विकणाऱ्याला जे उघड करावे लागते ते मत मागणाऱ्याच्या भाटाला करावे लागत नाही, तिथे धोका परक्या देशातून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

संपादक महोदय, या विषयावर वृत्तपत्राकडे पत्र लिहिताना एक अप्रिय आठवण काढणे भाग आहे. जाहिरात बातमीच्या वेशात विकण्याची विद्या रीलवाल्या पोरांनी शोधलेली नाही. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील मोठ्या वृत्तपत्रांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर शब्दशः सारखे लेख वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले, आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला. प्रकरण वर्षानुवर्षे चालले. निवडणूक खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये याच प्रकरणात स्पष्ट केले. आयोगाने नंतर चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. व्यक्ती सुटली, पण अधिकार मान्य झाला, आणि तो आज आपल्या हातात आहे. त्याआधी, २०११ मध्ये, उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना अशाच मजकुराचा खर्च लपवल्याबद्दल आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले होते. अर्थात पैसे देऊन छापलेल्या बातमीचा खर्च जर उमेदवाराच्या नावे धरता येतो, तर पैसे देऊन कापलेल्या तुकड्याचा का धरता येऊ नये?

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. उमेदवाराचा, त्याच्या कुटुंबाचा किंवा त्याच्या मालकीच्या कंपनीचा पैसा घेऊन प्रचारकाळात मजकूर पसरवणाऱ्या प्रत्येक खात्याची यादी खर्चाच्या वहीसोबत द्यावी, एवढी सूचना केंद्रीय आयोग आणि स्थानिक निवडणुकांसाठी आपला राज्य निवडणूक आयोग आपल्या अधिकारात काढू शकतात असे मला वाटते. आज प्रचारकाळात खर्च निरीक्षक उमेदवारांच्या वह्या किमान तीनदा तपासतात. त्याच वेळी ही यादीही तपासली जावी आणि त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकली जावी. यावर एक प्रामाणिक आक्षेप असा येईल की गरीब उमेदवाराचे हौशी समर्थकही या जाळ्यात सापडतील. सापडू नयेत. जो आपल्या मनाने, विनामूल्य, आपल्या नेत्याची स्तुती करतो त्याला कोणीही हात लावू नये, मग त्याची स्तुती कितीही भडक असो. पैसा हस्तांतरित झाला की नाही, एवढीच रेषा ठेवावी. ती रेषा ओढणे यूपीआयच्या काळात पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, कारण नोटांची पुडकी माग ठेवत नाहीत, बँक खाती ठेवतात.

नगरपरिषदांचे नगराध्यक्ष आपल्याकडे थेट जनतेतून निवडले जातात. पक्षापेक्षा चेहऱ्यावर लढल्या जाणाऱ्या या निवडणुकांत मतदारांची संख्या बऱ्याच ठिकाणी काही हजारांचीच असते आणि तिथे एखादा लोकप्रिय, पैसेवाला तरुण पन्नास मुलांना हाताशी धरून काय करू शकेल, याचा अंदाज बांधायला साओ पाउलोपर्यंत जावे लागणार नाही. त्याने उभे राहू नये असे मी म्हणत नाही. त्याच्या सभेला गर्दी झाली तर ती मोजावी, त्याच्या रील्सना प्रेक्षक मिळाले तर तेही मोजावेत, पण त्या पन्नास मुलांना कोणी किती दिले हा आकडाही त्याच बातमीत असावा.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत आपल्या दैनिकात अशा उमेदवारांविषयी लिहिताना त्यांच्या अनुयायांची संख्या आणि गाड्यांची किंमत छापण्याआधी आपल्या वार्ताहरांनी प्रत्येकाला लेखी विचारावे की प्रचारकाळात समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी आपण, आपल्या कंपनीने किंवा आपल्या वतीने कोणी कोणाकोणाला पैसे दिले आणि ते खर्चाच्या कोणत्या नोंदीत दाखवले. उत्तर आले तर ते छापावे. आले नाही तर प्रश्न आणि तो विचारल्याची तारीख छापावी. आपल्या दैनिकाने स्वतः त्या उमेदवाराकडून जाहिरातीपोटी किती रक्कम घेतली, तो आकडाही त्याच चौकटीत दिला तर उत्तमच.

आपला विश्वासू,
एक वाचक,
सातारा